मढ्याला टाके घालणारी पोर

ना धड भीती, ना धड हसू. ‘लिसा फ्रँकेन्स्टाइन’ ९ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत लागला तेव्हा कितीतरी परीक्षणांचा सूर हाच होता, आणि आजही कुणाला हा सिनेमा सुचवावा तर समोरून हेच ऐकू येतं. पाठोपाठ उरलेली फिर्याद येते. ऐंशीच्या दशकाची उसनवारी आहे. टिम बर्टनच्या शिळ्या कढीला ऊत आणलाय. नायिका खून पचवते आणि ढेकरही देत नाही. आणि मढ्याशी प्रेम ही काय कल्पना झाली? कळस म्हणून गल्ल्याचा हिशेब पुढे करतात: सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्चून काढलेल्या सिनेमाने जगभरातून १ कोटीही जमवले नाहीत. पडला, म्हणजे वाईटच असणार.

हे शेवटचं कलम आधी निकालात काढू, कारण याच सिनेमाच्या लेखिकेने ते एकदा खोटं पाडलेलं आहे. डायब्लो कोडीला ‘जूनो’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं आणि लगेच २००९ मध्ये तिचा ‘जेनिफर्स बॉडी’ सपशेल आपटला. मेगन फॉक्सला पोस्टरवर मिरवून तो तरण्या पोरांना विकायला काढला होता, आणि सिनेमा होता दोन मैत्रिणींच्या बिघडलेल्या नात्याचा. पोरं निराश झाली, मुली फिरकल्याच नाहीत. दहाएक वर्षांनी त्याच सिनेमाला डोक्यावर घेणारी पिढी आली. तेव्हा पहिल्या आठवड्याचा गल्ला बघून कुंडली मांडू नये. बाकीच्या कलमांना मात्र उत्तर द्यायला हवं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. साल १९८९. लिसा स्वॉलोजच्या आईला घरात घुसलेल्या एका कुऱ्हाडवाल्याने मारलं आहे. बापाने फारसे दिवस न लोटू देता दुसरं लग्न केलं आहे. नवी आई जॅनेट, तिची मुलगी टॅफी, नवं गाव, नवी शाळा. लिसा कपड्यांच्या अल्टरेशनचं काम करते आणि उरलेला वेळ एका ओसाड दफनभूमीत घालवते. तिथे एका तरुणाचं जुनं थडगं आहे, त्यावर त्याचा अर्धपुतळा. ती त्याच्याशी बोलते, त्याची निगा राखते. एका रात्री वीज पडते, तो मातीतून उठतो आणि तिच्या घरी येऊन धडकतो. त्याला एक हात नाही, एक कान नाही, आणखी एक अवयव नाही ज्याचा सिनेमा पुढे भरपूर उपयोग करतो, आणि तोंडातून गुरगुरण्यापलीकडे काही निघत नाही. मग अवयव जमवणं सुरू होतं. ते मिळवायचे कुठून, याचं उत्तर तुमच्या मनात आलं तेच आहे. लिसा ते शिवते, आणि टॅफीच्या टॅनिंग बेडमध्ये, म्हणजे गोऱ्या अंगाला उन्हाचा तांबूस रंग चढवणाऱ्या दिव्यांच्या पेटीत, त्याला झोपवते. पेटीची वायरिंग बिघडलेली. शॉक बसतो आणि शिवलेला भाग जिवंत होतो.

आता ‘सूर सापडलेला नाही’ हा आक्षेप. हा मला सगळ्यांत उथळ वाटतो, कारण तो सिनेमातल्या घराकडे बघतच नाही. त्या घरात एक बाई कुऱ्हाडीने मेलेली आहे आणि सुतक पाळायला कुणी तयार नाही. बापाला विषय नको आहे. जॅनेट स्वतः मनोरुग्णांची नर्स, पण पोरीचं गप्प राहणं तिला उद्धटपणा वाटतो आणि ती तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडायची भाषा करते. टॅफी मनापासून प्रेमळ आहे, पण तिचा उपाय म्हणजे पार्टीला चल, बरं वाटेल. ज्या घरात रडणं हा शिष्टाचाराचा भंग ठरतो तिथे माणूस भलत्या वेळी हसतो आणि भलत्या जागी रडतो. लिसाला रडायला जिवंत माणूस सापडत नाही म्हणून ती दगडाकडे जाते. अशा मुलीची गोष्ट एकाच पट्टीत गायली असती तर ती खोटी झाली असती. भय आणि विनोद एकमेकांच्या पायात पाय घालतात ही तक्रार खरी आहे, फक्त ते चुकून होत नाही.

यावर जरा शिकलेला आक्षेप असा येतो, की हा ‘कॅम्प’ मुद्दाम केलेला आहे. भडक, नाटकी, अतिरंजित गोष्टींत जी एक लोभस गंमत असते तिच्यावर सूझन सॉन्टॅगने १९६४ मध्ये गाजलेला निबंध लिहिला. त्यात तिने भाबडा कॅम्प आणि जाणूनबुजून केलेला कॅम्प असा भेद केला आणि झुकतं माप भाबड्याला दिलं. तेव्हापासून डोळा मारणारा सिनेमा दिसला की हा निबंध काठीसारखा उगारला जातो. ठीक. पण मग फ्रँकेन्स्टाइनच्या घराण्यातला सगळ्यांत मानाचा सिनेमा कुठे ठेवणार? जेम्स व्हेलचा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’, १९३५. त्यातला डॉक्टर प्रिटोरियस काचेच्या बरण्यांत वीतभर माणसं पाळतो. एका बरणीत राजा, एकीत राणी, एकीत धर्मगुरू. राजा इतका रंगेल, की आपल्या बरणीतून चढून राणीकडे निघतो आणि डॉक्टर त्याला चिमट्याने उचलून परत टाकतो. हाच गृहस्थ पुढे तळघरातल्या शवपेटीवर मेजवानी मांडून एकटाच जेवत बसलेला असतो, राक्षस अंधारातून समोर येतो, तर दचकायचं सोडून तो त्याला सिगार देऊ करतो. हे कुणाच्या भाबडेपणातून आलं? व्हेलला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. या घराण्यात डोळा मारणं नव्वद वर्षांपूर्वी सुरू झालं आणि आपण त्याला अभिजात म्हणतो. ‘लिसा’ची दिग्दर्शिका झेल्डा विल्यम्सने आपल्या पहिल्याच मोठ्या सिनेमात तेच केलं तर ती नक्कल?

खरी गोम वेगळी आहे. शाळकरी मुलीच्या खुळाला थोर पुस्तकाचं नाव चिकटवलं, ही ती ठसठस. उघड कुणी म्हणत नाही, पण ‘टीनएज’ हा शब्द परीक्षणांत ज्या चालीवर येतो त्यात ती ऐकू येते. अशांनी ते नाव आलं कुठून ते एकदा तपासावं. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या मेरी शेलीचा जन्म १७९७ चा. आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, तिला जन्म देऊन थोड्याच दिवसांत गेली. बापाने पुढे दुसरं लग्न केलं आणि सावत्र आईशी मेरीचं कधी जमलं नाही. ती लंडनच्या सेंट पँक्रसच्या आवारात आईच्या थडग्याशी जाऊन वाचत बसायची, आणि पर्सी शेली या विवाहित कवीशी तिचं प्रेम जमलं तेही त्याच थडग्याच्या साक्षीने. १८१४ मध्ये ती त्याच्याबरोबर पळाली तेव्हा सोळा वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिची पहिली मुलगी दोन आठवडेही जगली नाही. त्यानंतर मार्चमध्ये तिने डायरीत एक स्वप्न लिहून ठेवलं: बाळ मेलं नव्हतं, फक्त गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जिवंत झालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, १८१६ मध्ये, जिनिव्हाच्या तळ्याकाठी पाऊस थांबेना म्हणून भुताच्या गोष्टी रचायचा खेळ सुरू झाला आणि अठरा वर्षांच्या या मुलीने मेलेल्या देहात प्राण घालणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट लिहायला घेतली. १८१८ च्या जानेवारीत पुस्तक आलं, लेखिकेच्या नावाशिवाय.

मेलेली आई, सावत्र आई, थडग्याशी बसणारी पोर, तिथेच जमलेलं प्रेम. कोडीने हे लांबून आणलेलं नाही. दोनशे वर्षं प्रयोगशाळेच्या काचसामानाखाली दबून गेलं होतं ते तिने उचलून वर ठेवलं. फ्रँकेन्स्टाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मनोरा, तरफा, कडाडणारी वीज आणि ‘विज्ञानाची मर्यादा’ या विषयावरचा निबंध येतो. आपल्याकडे तर अणुबॉम्बपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत काहीही हाताबाहेर गेलं की अग्रलेखात फ्रँकेन्स्टाइनला हजेरी लावावीच लागते. त्या गडबडीत हे पुस्तक एका पोरक्या मुलीने लिहिलं होतं हे मागे पडतं.

आणि या सिनेमाने त्या पुस्तकाशी एक नेमका वाद घातला आहे, जो परीक्षणांत विनोदाच्या खात्यावर जमा होतो. कादंबरीतला व्हिक्टर चिरफाडीच्या खोल्यांतून आणि कत्तलखान्यांतून सामान गोळा करतो, रात्रंदिवस खपतो, आणि समोरच्या देहाचा डोळा उघडताच खोलीतून पळ काढतो. घडवण्याची हौस दांडगी, सांभाळायची तयारी शून्य. पुढे तो देह जोडीदारीण मागतो तर व्हिक्टर ती अर्धी बनवतो आणि विचार बदलून तिचे तुकडे करतो. व्हेलच्या सिनेमात ती बाई निदान जिवंत होते, चार मिनिटं वावरते, नवऱ्याकडे बघून किंकाळी फोडते, की संपलं. या गोष्टीत बाईचा वाटा इतकाच होता. लिसा प्राण घालत नाही. ते काम वीज करून गेलेली आहे. ती डागडुजी करते. तिच्याकडे आलेला माणूस चिखलाने माखलेला, कुजका, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्याचा वास सहन होत नाही. ती त्याला आंघोळ घालते, कपडे देते, कपाटात लपवते. कान शिवायची वेळ येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वेड्या शास्त्रज्ञाची चमक नसते. पँट आखूड करायला आणलेल्या गिऱ्हाइकाचं काम घ्यावं तसं ती सुईत दोरा ओवते. कान बाईचा, डोकं पुरुषाचं, मेळ बसत नाही, पण टाका पक्का पडला पाहिजे. लिसा झालेल्या कॅथरिन न्यूटनचं काम मला इथे फार आवडतं. तिच्या हातांना ठाऊक आहे की रफूचं काम घाईत बिघडतं. मेलेला तरुण झालेला कोल स्प्राउस सिनेमाभर जवळजवळ मुका आहे, आणि दर दुरुस्तीनंतर त्याच्या चालण्यात, मान वळवण्यात एकेक बोट माणूसपण वाढतं. या दोघांमधलं प्रेम तिथे आहे, चुंबनात नाही.

इथे एका दुटप्पीपणाची नोंद करायलाच हवी. त्याच हिवाळ्यात ‘पुअर थिंग्ज’ जगभर गाजत होता. बुडून मेलेल्या बाईच्या देहात तिच्याच पोटातल्या बाळाचा मेंदू बसवायचा, आणि मग ती मोठी बाई बाळासारखी जग शोधत निघते. व्हेनिसचा गोल्डन लायन, चार ऑस्कर, एमा स्टोनच्या अभिनयावर पानंच्या पानं. मला तो सिनेमा आवडतो, त्याबद्दल भांडण नाही. पण त्यातला भडकपणा शैली ठरला, इकडचा बालिशपणा. तिकडच्या विचित्र विनोदाला धाडस म्हटलं गेलं, इकडच्या विनोदाला गोंधळ. फरक कुठे आहे? तिकडे बाईला एक पुरुष टेबलावर घडवतो, आणि भिंग रुंद, वेशभूषा व्हिक्टोरियन, मूळ कादंबरी मान्यवर स्कॉटिश लेखकाची. इकडे एक पोरगी पुरुषाला दुरुस्त करते, साधन टॅनिंग बेड आणि पार्श्वभूमी शॉपिंग मॉलच्या जमान्याची. प्रतिष्ठा सामानाला मिळाली.

ऐंशीच्या दशकाच्या उसनवारीबद्दल थोडं मान्य करतो. ‘हीदर्स’, ‘बीटलज्यूस’ आणि ‘एडवर्ड सिझरहँड्स’ पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचे चेहरे भेटत राहतात. पण त्या दशकाच्या आठवणी विकायचा जो धंदा गेली काही वर्षं जोरात आहे, त्यात सगळं गोड असतं: सायकली, कॅसेट, निऑनचे दिवे. इथे त्या गोडव्याच्या बुडाशी काय होतं ते दिसतं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये सोफ्यावर लोळत पडलेला, घरात काय चाललंय याचा पत्ता नसलेला बाप करणारा जो क्रेस्ट इथे लिसाचा बाप आहे. तिकडे तो गमतीचा प्राणी आहे. इथे त्याच निवांतपणाखाली एक मुलगी दबून चालली आहे. निवड योगायोगाने झाली असेल तर असो, पण फार बोलकी आहे.

शिवाय त्या काळाचा आवडता भयपट कोणता? मुखवटा घातलेला माणूस, हातात धारदार काहीतरी, आणि एकेक करून मरणारी माणसं. ‘हॅलोवीन’ १९७८ चा, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ १९८० चा, आणि मग त्यांचे अगणित भाग. त्या सिनेमांत मेलेल्यांची मुलंबाळं पुढे काय करतात हे सहसा कुणी विचारत नाही. पुढचा भाग येतो, नवी माणसं येतात, नवी कुऱ्हाड. ‘लिसा फ्रँकेन्स्टाइन’ त्या सिनेमांपैकी एखाद्याच्या नंतरच्या वर्षी सुरू होतो. कुऱ्हाडवाला येऊन गेलेला आहे. कोण होता, पकडला का, यात सिनेमाला रस नाही. घरातली मुलगी उरलेली आहे, आणि तिचं काय, एवढाच प्रश्न आहे. याला नक्कल म्हणणाऱ्याने मूळ प्रत दाखवावी.

मढ्याशी प्रेम म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ‘ट्वायलाइट’चा एडवर्ड १९१८ च्या साथीत मरायला टेकलेला होता, म्हणजे नायिका भेटते तेव्हा त्याने शंभरी ओलांडलेली आहे. पण तो देखणा, श्रीमंत, सुगंधी. ती झोपली की खोलीत उभा राहून तिला बघत बसतो आणि त्याला जग रोमान्स म्हणतं. इकडचा मेलेला माणूस घाणेरडा आहे, आणि त्याने खोलीत यायचं की नाही, कुठे बसायचं, कपाटात कधी जायचं, हे ती ठरवते. आपल्याकडेही २०२४ मध्येच कोकणातल्या पिंपळावरचा ‘मुंज्या’ तुफान चालला. मेलेल्या मुलाला लग्न हवं आहे आणि बाईची संमती ही त्याच्या लेखी अडचण आहे. भय तिथून येतं, आणि रास्त आहे. त्याच्या उलट टोकाला हा सिनेमा उभा आहे: मेलेल्याने झपाटलेली मुलगी नाही, मुलीने हाक मारून उठवलेला मेलेला. तात्या विंचूच्या बाहुल्याला घाबरत घाबरत हसत लहानाच्या मोठ्या झालेल्या मराठी प्रेक्षकाने तरी भय आणि फार्स एका ताटात वाढले म्हणून पान सोडून उठू नये.

राहिला नीतीचा प्रश्न, आणि हा सोपा नाही. जॅनेट मरते तेव्हा प्रेक्षक खुशीत असतो, कारण परीकथेने आपल्याला सावत्र आईबद्दल तसंच शिकवलं आहे. पार्टीत लिसाच्या नशेचा फायदा घेऊन तिच्या अंगाशी झोंबलेला डग हात गमावतो तेव्हाही कुणी हळहळत नाही. मग पाळी येते मायकेल ट्रेंटची. तो शाळेच्या वाङ्मयीन अंकाचा संपादक, लिसाचा आवडता. त्याचा गुन्हा इतकाच की त्याला टॅफी आवडली. त्याच्या वाट्याला येते ती शिक्षा नव्हे, निव्वळ मत्सर आहे, आणि इथे सिनेमा हळूच लिसाच्या शेजारून उठतो. तोवर रंगीत कपड्यांतली हसरी बाहुली वाटणारी, टॅफी झालेली लिझा सोबेरानो या प्रसंगात खरोखरीची घाबरते. तिची थरथर विनोदी नाही. आतापर्यंत हसणाऱ्या प्रेक्षकाला आपण कशाला हसत होतो ते पाहावं लागतं. दिग्दर्शिकेला नायिकेचा गुन्हा कळलाच नाही असं म्हणणाऱ्यांनी टॅफीचा चेहरा पाहिलेला नाही.

कमकुवत जागाही आहेत. तेरा वर्षांच्या मुलांना बघता यावा असं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी सिनेमा ऐनवेळी नजर वळवतो, आणि रक्तात बरबटायची तयारी असलेल्या गोष्टीला ते मानवत नाही. मधला अर्धा तास रेंगाळतो. पण मला खुपलेली गोष्ट दुसरीच आहे. शेवटी लिसा आपण होऊन त्या पेटीत झोपते, जळून मरते, आणि तिचा प्रियकर, ज्याला आता वाचा फुटली आहे, पट्ट्यांत गुंडाळलेल्या लिसाला मांडीवर घेऊन कविता वाचून दाखवतो. त्याआधी बाप आणि टॅफी लिसाच्या थडग्याशी येऊन जातात. टॅफी सावत्र बहिणीसाठी तिथे उभी असते. पण याच टॅफीची आई मारली गेली आहे, तिच्याच कानासाठी, आणि जो मुलगा तिला आवडत होता तोही तिच्या डोळ्यांदेखत गेला आहे. लिसाच्या घराने तिला रडू दिलं नाही म्हणून त्या घरावर इतका वेळ खटला चालवणारा सिनेमा टॅफीच्या आईसाठी काही क्षणही काढत नाही. जॅनेटचं सुतक कुणीच पाळत नाही. या सिनेमाविरुद्ध फिर्याद करायचीच असेल तर ही करा. तिला माझ्याकडे उत्तर नाही.